धोबी आला की हिवाळा आला: वाचकांचे प्रश्न

नोव्हेंबरात पक्षी सप्ताह झाला (५ ते १२ तारीख, म्हणजे अरण्यलेखक मारुती चितमपल्लींच्या वाढदिवसापासून पक्षीतज्ज्ञ सलीम अलींच्या वाढदिवसापर्यंत, २०२० पासून आपल्या राज्यात तो पाळतात) आणि त्यानंतर धोब्यासारख्या, हिवाळ्यात येणाऱ्या पाहुण्या पक्ष्यांबद्दल प्रश्नांची रांगच लागली. बहुतेक पुण्यातले, थोडे नाशिकचे आणि एक शेतकरी दादांचा, तो मी मुद्दाम शेवटी ठेवलाय कारण त्यावर मला जास्त विचार करावा लागला. सगळे घेता आले नाहीत, जे राहिले ते पुढच्या अंकात.

प्रश्न: मी बँकेतून रिटायर झाले, कोथरूडला राहते. मैत्रिणीचे पक्ष्यांचे फोटो बघून मलाही वाटायला लागलंय. पण सुरुवात कुठून करू? भिगवणला जाऊ का? आणि दुर्बीण कोणती घेऊ, दुकानदार म्हणतो जास्त पॉवरची घ्या. चष्मा आहे मला.

काकू, भिगवणला जा जरूर, पण आत्ता नको, फेब्रुवारीत जा. तोपर्यंत तुमच्या घरामागे वेताळ टेकडी आहे ना, ती धरा. सकाळी पावणेसातला पायथ्याशी, साडेनऊपर्यंत परत, आठवड्यातून दोनदा, आणि रस्ता तोच ठेवायचा. तोच रस्ता का, तर पहिल्या चार फेऱ्यांमध्ये तुम्हाला फक्त "काहीतरी उडालं" एवढंच कळेल, पाचव्या फेरीला त्या खैराच्या झाडावर रोज कोण बसतं ते कळायला लागेल आणि मग एखाद्या दिवशी तिथे वेगळंच कोणी बसलेलं असलं की ते लगेच डोळ्यात भरेल. नवीन पक्षी असाच सापडतो, फिरून फिरून नाही. खाणीच्या कडेच्या दगडांवर बघा, चिमणीएवढा, काळपट, पोट विटकरी आणि शेपटी सारखी थरथरतेय, तो थिरथिरा. नावच तसं आहे. हिमालयातून आणि त्याच्याही पलीकडून आलेला असतो आणि मार्चपर्यंत बहुतेक त्याच दगडांवर राहतो.

दुर्बीण ८ बाय ४२ ची घ्या. ८ म्हणजे आठपट जवळ दिसणार आणि ४२ म्हणजे पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये, काच जितकी मोठी तितका पहाटेच्या कमी उजेडात फायदा. दुकानदार म्हणतो ती १२ किंवा १६ पटीची अजिबात घेऊ नका, हाताचा कंपसुद्धा तितक्याच पटीने वाढतो आणि एका वेळी दिसणारा भाग इतका छोटा होतो की झाडातला पक्षी शोधेपर्यंत तो उडून गेलेला असतो. झूमवाली तर नकोच. चष्मा आहे म्हणून एक गोष्ट आवर्जून विचारा, आय रिलीफ (म्हणजे डोळा काचेपासून किती लांब असला तरी पूर्ण चित्र दिसतं ते अंतर) किती आहे, तो १५ मिलिमीटरच्या वर हवा नाहीतर चष्म्यातून कडा काळ्या दिसतील. डोळ्याजवळचे रबरी कप खाली करून, चष्मा न काढता दुकानातच लावून बघा, दुकानाबाहेर येऊन समोरच्या बिल्डिंगवरचा कावळा बघा. तो लख्ख दिसला तर घ्या.

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये (औंध, नदीजवळ) एक पक्षी सतत शेपटी वरखाली करत चालतो. पोट पिवळं. मागच्या वर्षीही होता. मिस्टर म्हणतात तोच आहे, मी म्हणते दुसरा असेल. कोण बरोबर?

मिस्टर बरोबर असण्याचीच शक्यता जास्त आहे! तो करडा धोबी. पाठ करडी, पोट आणि शेपटीखाली पिवळं, शेपटी अंगाच्या मानाने लांब. आपल्याकडे हिवाळ्यात येणाऱ्यांमध्ये हा अगदी पहिल्यांपैकी एक, ऑगस्ट संपता संपता किंवा सप्टेंबरात, पाऊस चालू असतानाच येऊन पोचतो. त्यामुळे पुण्यातल्या पक्षीवाल्यांचा हिवाळा थंडी पडल्यावर नाही, पहिला धोबी दिसल्यावर सुरू होतो. पायात कडी घालून केलेल्या अभ्यासांतून हे चांगलं माहीत झालंय की असे स्थलांतर करणारे पक्षी नुसत्या त्याच गावात नाही तर वर्षानुवर्षं अगदी त्याच जागी परत येतात. उन्हाळ्यात हिमालयातल्या एखाद्या ओढ्याकाठी घरटं आणि हिवाळ्यात औंधातलं तुमचं पार्किंग, हे त्याचं ठरलेलं असतं.

आता धोब्यांमध्ये गोंधळ सगळ्यांचाच होतो म्हणून सांगून टाकते. नदीकाठी बारा महिने दिसणारा, मोठा, वरून काळा आणि डोळ्यावर ठळक पांढरी भुवई, तो आपला इथलाच रहिवासी, कुठे जात नाही. हिवाळ्यात येणारा पांढरा धोबी अंगाने बारीक, पाठ राखाडी आणि तोंडच पांढरं. पोट पिवळं असलेले तीन असू शकतात, पाठ करडी आणि वाहत्या पाण्याजवळ असेल तर करडा धोबी, पाठ हिरवट आणि ओल्या गवतात थव्याने असेल तर पिवळा धोबी, आणि पाठ करडी पण डोकंसुद्धा लिंबासारखं पिवळं असेल तर तिसरा, त्याला सिट्रीन म्हणतात. मात्र तिसऱ्याची ही खूण नरालाच लागू, बाकीच्यांमध्ये अनुभवीसुद्धा अडखळतात. धोबी हे नाव कुणी दिलं माहीत नाही पण पाण्याच्या काठावर दिवसभर खाली वर खाली वर, याहून योग्य नाव सुचणार नाही.

एक विनंती, पार्किंग धुताना पाणी साचतं त्या कोपऱ्यात औषध मारू देऊ नका. तिथले किडेच तो खातो.

प्रश्न: डिसेंबरात मुलांना घेऊन भिगवणला गेलो, चिंचवडहून. पहाटे चारला निघालो. एकही फ्लेमिंगो नाही! नाववाले म्हणाले "पाणी जास्त आहे." हा काय प्रकार? थंडीत येतात ना ते?

नाववाले दादा अगदी खरं बोलले. फ्लेमिंगो, म्हणजे आपला रोहित पक्षी, थंडीची तारीख बघून येत नाही, चिखल बघून येतो. चोच उलटी करून तो उथळ पाण्यातला गाळ गाळून खातो, त्याला गुडघाभर पाणी आणि खाली मऊ चिखल लागतो. भिगवण म्हणजे उजनी धरणाचं बॅकवॉटर, भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं, साठा ११७ टीएमसीच्या आसपास. आणि त्यात पाणी कुठून येतं, तर आपल्याच सह्याद्रीतून. घाटावर धो धो पाऊस झाला, खडकवासला, पवना, मुळशी भरून वाहिले की ते सगळं मुळा-मुठा आणि भीमेतून उजनीला. म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये घाटमाथ्यावर किती पाऊस पडला त्यावर तुम्हाला फ्लेमिंगो कधी दिसणार ते ठरतं. भरपूर पाऊस झालेल्या वर्षी डिसेंबरात धरण काठोकाठ असतं, चिखल पाण्याखाली, मग रोहित येऊन करणार काय. शेतीला पाणी सोडायला लागले, पातळी उतरली, कुंभारगाव, डिकसळच्या बाजूला गाळाची बेटं उघडी पडली की येतात. म्हणून मी सगळ्यांना सांगते की जानेवारीचा शेवट ते मार्च, आणि निघायच्या आदल्या दिवशी तिथल्या नाववाल्याला फोन करून "चिखल उघडा झालाय का" एवढंच विचारा.

पण दादा, त्या दिवशी दुसरं काय काय दिसलं ते तुम्ही लिहिलंच नाही. पट्टकादंब होते का? राखाडी हंसासारखे, पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळ्या पट्ट्या. ते मंगोलिया, तिबेट, लडाखकडून येतात आणि हिमालय ओलांडून येतात, पाठीवर यंत्र बसवून केलेल्या अभ्यासात त्यांची उडण्याची उंची ७ हजार मीटरच्या वर नोंदली गेलीय. तिथे हवा इतकी विरळ असते की माणसाला चार पावलं टाकताना दम लागतो आणि हे पंख मारत जातात. मुलांना हे आधी सांगून मग तो पक्षी दाखवला असता तर फ्लेमिंगोची आठवण राहिली नसती, मला खात्री आहे.

नावेत बसाल तेव्हा एवढं करा, थव्याच्या बरंच आधी इंजिन बंद करून बांबूने नाव न्यायला सांगा. काही लोक "अजून जवळ, अजून जवळ" करतात, थवा उडायला हवा म्हणजे गुलाबी पंखांचा फोटो मिळतो. दर अर्ध्या तासाला एक नाव असं करायला लागली तर त्यांनी खायचं कधी? ते तिथे खायलाच आलेत. आणि नाववाले तिथले मच्छीमार आहेत, गिऱ्हाईक म्हणेल ते करणं त्यांना भाग पडतं, तेव्हा "जवळ नको" हे आपणच म्हणायला हवं.

प्रश्न: सिंहगडाच्या पायथ्याच्या खोऱ्यात मी १५ वर्षं जातोय. हल्ली रविवारी तिथे इतके कॅमेरे की बसायला जागा नाही. मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज लावतात, फांदीला किडे टोचून ठेवतात. बोललो तर म्हणाले "हे तर पाहुणे पक्षी आहेत, यांची कुठे घरटी आहेत इथे, काय फरक पडतो." काय उत्तर देऊ?

फरक पडतो, आणि तुम्ही बोललात हे फार बरं केलंत.

आधी ज्यांनी ते खोरं बघितलं नाही त्यांच्यासाठी. आतकरवाडीच्या बाजूला डोंगरातून ओढा उतरतो, थंडी सरते तसं पाणी आटत जातं आणि शेवटी छोटी छोटी डबकी उरतात, मग आसपासचे सगळे पक्षी त्याच डबक्यांवर पाण्याला येतात. नीलांग, म्हणजे व्हर्डिटर फ्लायकॅचर, तो हिरवट निळा रंग मी शब्दांत सांगू शकत नाही, तो हिमालयातून येतो. निळ्या टोपीचा शैलकस्तूर तिथूनच. करड्या डोक्याची पिवळी माशीमार. आणि चिमणीहून लहान तांबुला, गळा नारिंगी, तो तर थेट युरोप आणि पश्चिम आशियाकडून. पुण्यापासून तासाभरावर, एका डबक्याच्या काठी, हिमालय आणि युरोप शेजारी शेजारी पाणी पितात. मला आजही तिथे बसलं की बोलवत नाही काही.

आता उत्तर. आवाज लावल्यावर पक्षी समोर येतो त्याचं कारण त्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला. पाहुणे पक्षी घरटी करत नसले तरी खाण्यापुरती हद्द राखतात, थिरथिरा राखतो, धोबी राखतो. तो खाणं सोडून नसलेल्या शत्रूला शोधत बसतो. एकाने एकदा केलं तर तो विसरेल, पण रविवारी वीस जण आळीपाळीने करतात तेव्हा सकाळचे तीन तास गेले, आणि जानेवारीतल्या थंड रात्रीनंतर तेच तीन तास महत्त्वाचे असतात, पंधरा-वीस ग्रॅमचा जीव, त्याच्याकडे साठा तो किती असणार. शिवाय तो मोबाईल ऐकणारे फक्त पाहुणे नसतात, इथलेच राहणारेही ऐकतात आणि त्यातले काही थंडी सरता सरता जोडी जमवायला लागलेले असतात. आणि टोचलेल्या किड्यांचं म्हणाल तर एकाच फांदीवर रोज खाणं मिळतं हे जसं माशीमारला कळतं तसं शिक्रा या शिकारी पक्ष्यालाही कळतं.

भांडून काही होत नाही हा माझा अनुभव. मी काय करते सांगते, तिथे जाऊन त्यांच्या शेजारी बसते आणि म्हणते, आवाज बंद करा, पंधरा मिनिटं गप्प बसू, नाही आला तर मी उठून जाते. पाण्यावर पक्षी येतोच! दहात आठ वेळा पंधरा मिनिटांच्या आत येतो आणि त्यातल्या एक-दोघांचा तरी मोबाईल नंतर खिशातच राहतो.

प्रश्न: मी नववीत आहे. पक्ष्यांना रस्ता कसा कळतो? पिल्लांना आईबाबा दाखवतात का? आणि कोणी चुकत नाही का?

किती छान प्रश्न विचारलास गं. काहींना दाखवतात. हंस, क्रौंच यांची पिल्लं पहिल्या वर्षी कुटुंबाबरोबरच उडतात आणि रस्ता शिकतात. पण लहान पक्ष्यांपैकी पुष्कळांच्या बाबतीत उलटं आहे, पिल्लू काही महिन्यांचं असताना एकटं, रात्रीचं निघतं, आईबाबा बरोबर नसतात. साधारण कुठल्या दिशेला आणि साधारण किती दिवस जायचं हे त्याच्या जन्मातच असतं. दिशा कळायला तीन गोष्टी वापरतात, दिवसा सूर्य, रात्री तारे (त्यातही आकाश ज्या बिंदूभोवती फिरतंय असं दिसतं तो बिंदू ते पिल्लू असताना ओळखायला शिकतात) आणि पृथ्वीचं चुंबकत्व. जवळ आल्यावर नद्या, डोंगर, वास, हेही.

चुकतात तर. वादळ, वाऱ्याने भलतीकडे नेणं, पहिल्या वर्षीची चूक. खूप पिल्लं पहिल्या प्रवासातून परत येत नाहीत, हे खरं आहे, तुझ्यापासून लपवत नाही.

अमूर ससाण्याबद्दल वाच. कबुतराहून लहान शिकारी पक्षी, सैबेरिया आणि उत्तर चीनकडून निघतो, ईशान्य भारतात थांबून पोटभर वाळवी खातो आणि मग आपल्या डोक्यावरून, महाराष्ट्र ओलांडून, अरबी समुद्र पार करून आफ्रिकेत जातो. २०१३ साली नागालँडमध्ये तीन ससाण्यांच्या पाठीवर सॅटेलाइट टॅग बसवले होते, तेव्हा कळलं की हा एवढासा पक्षी न थांबता पाच-सहा दिवस उडतो. नोव्हेंबरच्या शेवटी लोणावळ्याच्या पठारावर काही थांबतात, चतुर पकडून खातात. बाबांना सांग न्यायला.

प्रश्न: १९९० च्या आसपास पाषाण तलावावर आम्ही मित्र सायकलने जायचो, बदकांनी पाणी झाकलेलं असायचं. मागच्या महिन्यात नातवाला घेऊन गेलो. जलपर्णी आणि वास. त्याला काय दाखवू? वाईट वाटलं.

आजोबा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मलाही वाईट वाटतं आणि त्याला गोड उत्तर नाही.

झालं असं की राम नदीतून सांडपाणी येत गेलं, त्या पाण्यात खत भरपूर, त्यावर जलपर्णी फोफावली. ती मूळ दक्षिण अमेरिकेची, इथे तिला खाणारं कोणी नाही. स्थलांतर करून येणाऱ्या बदकांना उतरायला मोकळं पाणी लागतं आणि जलपर्णीखाली उजेड पोचत नाही म्हणून त्यांच्या खाण्याच्या पाणवनस्पतीही मरतात. बदकं गेली. त्याच पानांवर चालणारी जांभळी पाणकोंबडी मात्र चांगली राहते, नातवाला ती दाखवा, निळी जांभळी आणि लाल चोच, लहान मुलांना खूप आवडते.

मग बदकं कुठे बघायची तर सोलापूर रोडला लोणी काळभोरच्या अलीकडे कवडीपाट. मुळा-मुठेवरचा जुना बंधारा. तिथे चक्रवाक बघा, केशरी रंगाचं बदक, लडाख-तिबेटकडून येतं. आपल्या जुन्या काव्यात जोडी रात्री ताटातूट होऊन दोन काठांवरून एकमेकांना हाका मारते ना, तेच हे, आणि संध्याकाळी त्यांचा आवाज ऐकलात तर कवींना असं का वाटलं ते लगेच कळतं. थापट्या बदक, चक्रांग बदक, लांब लाल पायांच्या शेकाट्यांचे थवे, झुडपात शंकर, म्हणजे गळ्यावर निळा पट्टा असलेला छोटा पक्षी.

पण सावध करते, तिथेही फेस आणि प्लॅस्टिक दिसणार. बंधाऱ्याला शहराचा कचरा येऊन अडकतो. लोक मला म्हणतात एवढे पक्षी आहेत म्हणजे पाणी ठीक असेल. नाही. घाण पाण्यात किड्यांच्या अळ्या प्रचंड होतात, शेकाट्याला आणि धोब्याला त्या चालतात म्हणून ते वाढतात. बुडी मारून खाणारी बदकं, ज्यांना स्वच्छ पाण्यातल्या वनस्पती लागतात, ती तिथे शोधावी लागतात. शेकाट्ये खूप झाले की मला आनंद होत नाही, काळजी वाटते. आपण सकाळी बेसिनमध्ये जे सोडतो ते संध्याकाळी कवडीपाटला असतं, हे नातवाला तिथे उभं राहून सांगा, तो विसरणार नाही.

आणि आजोबा, १९९० च्या वह्या, तारखा, कुठल्या बदकाचे किती थवे असं काही लिहून ठेवलं असेल तर कृपा करून फेकू नका. जुन्या नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर आजही घालता येतात, नातू करून देईल. त्या वेळी काय होतं हे तुमच्यासारख्यांनी सांगितलं नाही तर उद्याच्या पोरांना हे आत्ताचं तळंच पूर्वीपासून असं होतं असं वाटेल.

प्रश्न: नदीवर कुरव (सीगल) पक्ष्यांना फरसाण आणि ब्रेड टाकतात, आम्ही टाकला तर चालेल का?

नको. मीठ आणि तेल त्यांच्या पोटाला नाही आणि ते मासे, किडे खायला आलेत, ते शोधणं सोडून घाटावर भीक मागायला लागतात. द्यायचंच असेल तर गॅलरीत मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवा, दोन बोटं खोल, रोज घासून.

प्रश्न: संक्रांतीला मांजात अडकलेली घार मिळाली होती, आम्ही हळद लावली, पाणी पाजलं, ती गेली. आमचं काय चुकलं? यंदा काय करू?

ताई, मन लावून केलंत, अपराधी वाटून घेऊ नका. पण पाणी चोचीत घालायचं नसतं, ते श्वासनळीत जातं. यंदा असं करा. जाड कापड किंवा टॉवेल टाकून आधी डोळे झाका, अंधार झाला की पक्षी शांत होतो. घारीचे पंजे पकडताना काळजी, चोचीपेक्षा पंजे लागतात. मांजा ओढायचा नाही, दोन्हीकडून कात्रीने कापायचा आणि जखमेत रुतलेला तुकडा तसाच राहू द्यायचा, तो डॉक्टर काढतील. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात खाली कापड, वर झाकण, आणि घरातली मुलं, टीव्ही, सगळं लांब. खाणं नाही, पाणी नाही, औषध नाही. मग वन विभागाच्या १९२६ या नंबरला फोन करा, टोल फ्री आहे. नायलॉन मांजावर बंदी आहे, कुणी विकताना दिसला तर पोलिसांना कळवा, आणि संक्रांतीनंतर आठ दिवस झाडांवर, तारांवर लोंबणारा मांजा गोळा करा कारण जास्त पक्षी पतंग उडून गेल्यानंतरच त्यात अडकतात. वटवाघळं, घुबडंसुद्धा.

प्रश्न: तुमचं सगळं पुणे पुणे! नाशिककरांनी काय करायचं?

बरोबर आहे तक्रार, आणि खरं सांगायचं तर पाणपक्ष्यांसाठी नाशिक पुण्याच्या पुढेच आहे. निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वर, गोदावरी आणि कादवेच्या संगमावर बंधारा बांधला त्यामागे गाळ साठत गेला आणि उथळ पाणथळ तयार झाली, महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) तीच. चापडगावच्या बाजूने जा, मनोरे आहेत, गाईडही तिथल्याच गावातले मिळतात. क्रौंचांची चौकशी करा, आणि वारकरी बघा, काळंभोर अंग आणि कपाळावर पांढरा टिळा, शेकड्याने एका दिशेला पोहत जाताना बघितले की नाव कसं पडलं ते सांगावं लागत नाही.

प्रश्न: सासवड, सुप्याच्या माळावर भोवत्ये दिसतात म्हणे. आमच्याकडे जीप आहे, माळात आत घालून शोधता येतील का?

जीप रस्त्यावरच ठेवा दादा, प्लीज. भोवत्ये, म्हणजे माळावरचे हे शिकारी पक्षी, रात्री झाडावर नाही तर गवतात जमिनीवर झोपतात, कळपाने, आणि माळटिटवी, धाविक, चंडोल यांचं सगळं आयुष्य जमिनीवर. चाकाखाली काय गेलं ते तुम्हाला कळणारसुद्धा नाही. संध्याकाळी साडेपाचला रस्त्याच्या कडेला थांबा, सूर्य पाठीशी घ्या, ते गवताला जवळजवळ घासत, पंख इंग्रजी व्ही सारखे उचलून तरंगत येतात.

या माळांना लोक पडीक म्हणतात याचा मला फार राग येतो. एक गोष्ट बघा, ताम्हिणीला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, पुण्यात सातशेच्या आसपास आणि सुप्याकडे पाचशेच्या आसपास. शंभरेक किलोमीटरमध्ये जंगल, टेकड्या, नदी आणि माळ, ही सगळी सह्याद्रीच्या आडोशाची करामत, म्हणून तर एवढे वेगवेगळे पाहुणे इथे येतात. माळ हे माळच असायला हवेत. सुप्याचं मयुरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, बाकी सगळ्या माळाला प्लॉटिंग, सोलर आणि, वाईट म्हणजे, वृक्षारोपणसुद्धा खातंय. गवताळ माळावर खड्डे काढून झाडं लावली की भोवत्या गेला.

प्रश्न: मर्लिन ॲप पक्ष्याचा आवाज ऐकून नाव सांगतं, त्यावर विश्वास ठेवावा का?

सूचना म्हणून ठेवा, साक्ष म्हणून नाही. ॲपने नाव सांगितलं की पक्षी डोळ्यांनी शोधा आणि मगच वहीत लिहा. कोतवाल दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज काढतो, शिक्राचा तर हुबेहूब, तेव्हा ॲप फसतं, आपणही फसतो. फेब्रुवारीत चार दिवस जगभर घराजवळच्या पक्ष्यांची मोजणी असते, ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट, त्यात कमीत कमी १५ मिनिटं एका जागी मोजून ई-बर्डवर यादी टाकायची. गॅलरीतूनसुद्धा चालते. कबुतरं आणि कावळेही मोजायचे हं, नुसते देखणे नाहीत.

प्रश्न: मी शिरूर तालुक्यातला शेतकरी. तुम्ही लोक भोरड्यांचे व्हिडिओ काढता, सुंदर सुंदर म्हणता. माझी ज्वारी दाण्यात आली की दहा-दहा हजाराचा थवा उतरतो. तासाभरात पट्टा साफ. मी काय करू ते सांगा, कधी जातात हे तरी सांगा.

दादा, तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. तुमच्या रानात बसून त्यांचा व्हिडिओ काढणारे आम्ही तुमचं नुकसान बघत नाही, हे खरंय, आणि मी स्वतः तसे व्हिडिओ काढलेत.

भोरड्या, म्हणजे गुलाबी मैना, मध्य आशियातून, पूर्व युरोपाकडून येतात, ऑगस्ट-सप्टेंबरलाच. तिकडे पिल्लं वाढवताना त्यांचं मुख्य खाणं टोळ आणि नाकतोडे, इतकं की तिकडे शेतकऱ्याला त्या हव्याशा असतात. इथेही रानात फिरून किडे, अळ्या बऱ्याच खातात. पण ज्वारी हुरड्यात, चिकात आली की दाणा मऊ असतो आणि तेव्हा त्यांना दुसरं काही सुचत नाही. म्हणजे राखणीचे खरे दिवस पंधरा-वीस, चिकापासून दाणा कडक होईपर्यंत. त्यातही सकाळी उजाडल्यापासून दोन तास आणि संध्याकाळी ऊस किंवा बाभळीत झोपायला जायच्या आधीचा दीड तास, दुपारी जोर कमी. माचाण, गोफण, डबा, हे तुम्हाला मी शिकवायला नको. मी ज्यांच्या शेतावर जाते तिथे दोन गोष्टी उपयोगी पडलेल्या बघितल्यात, एक म्हणजे चकाकणाऱ्या पट्ट्या वाऱ्याला आवाज करतील अशा ताणून बांधायच्या आणि दर तीन-चार दिवसांनी जागा बदलायची, नाहीतर सरावतात. दुसरं, शिवारातल्या सगळ्यांनी पेरणी जवळपासच्या तारखांना करायची. एकट्याची ज्वारी आधी किंवा नंतर दाण्यात आली तर सगळा थवा त्याच्यावर, एकदम आली तर वाटला जातो. विष मात्र ठेवू नका दादा, ते खाऊन घुबड, घार, गावचं कुत्रं, सगळे जातात आणि अळी खाणारे पक्षीही.

जातात कधी, तर ज्वारी काढल्यावर त्या पळस, पांगारा, सावरीच्या फुलांवर जातात, मध प्यायला, तेव्हा तोंडं परागांनी पिवळी झालेली असतात. मार्चच्या शेवटी थवे मोठे व्हायला लागतात, नर अंगाने एकदम गुलाबी आणि डोकं काळं कुळकुळीत. एप्रिलच्या मध्यापर्यंत बहुतेक निघून गेलेल्या असतात. यंदा तुमच्या बांधावरचा पळस कधी फुलला आणि शेवटची भोरडी कुठल्या तारखेला दिसली तेवढं मला कळवाल का? शिरूरच्या बाजूच्या तारखा माझ्याकडे फार थोड्या आहेत.